भारतातून दरवर्षी लाखो वाहनं निर्यात होतात म्हणतात, मग युरोप-अमेरिकेच्या रस्त्यांवर ती दिसत का नाहीत?

आकडा खरा आहे. 2024-25 मध्ये आपण जवळपास 53 लाख वाहनं परदेशी पाठवली. पण त्यातल्या सुमारे 42 लाख दुचाकी होत्या, प्रवासी मोटारी पावणेआठ लाखांच्या आसपास. तेव्हा बर्लिनच्या पार्किंगमध्ये शोधण्यापेक्षा कंपालाच्या चौकात शोधा. तिथे मोटरसायकल हीच टॅक्सी; युगांडात तिला बोडा-बोडा म्हणतात, नायजेरियात ओकाडा. मागे दोन माणसं, टाकीवर पोतं आणि खाली कच्चा रस्ता. एवढं ओझं ओढून पेट्रोल कमी पिणारी, नाक्यावरच्या मेकॅनिकला सहज उघडता येणारी गाडी बनवण्यात आपला हात बसला आहे, कारण आपलं गिऱ्हाईकही तीच मागत आलंय. बजाजची बॉक्सर तिथे एवढी खपते ती यामुळे.

भोसरीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, दुचाकीच्या इंजिनाचे पार्ट करतो. जून 2023 मध्ये नायजेरियाने आपल्या चलनाचा, नायराचा, दर बाजारावर मोकळा सोडला आणि तो कोसळला. तिथल्या आयातदारांना डॉलर मिळेनात. काही आठवड्यांतच आमचं महिन्याचं शेड्यूल घटलं आणि दोन व्हीएमसी (धातू कापणारी कॉम्प्युटरवरची मशीनं) एका पाळीवर आणाव्या लागल्या. तेव्हापासून मी स्टीलच्या भावाबरोबर नायराचा भावही बघतो. निर्यात वाढली अशी बातमी आली की ती कुठल्या देशात वाढली हे आधी विचारावं, असं मला मनापासून वाटतं.

माझ्या वडिलांच्या पिढीने स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली. किती गाड्या बनवायच्या ते लायसन्सवर ठरलेलं असायचं. घरचीच मागणी पुरी होईना, तिथे बाहेर काय विकणार? तरी मारुतीने 1987 मध्ये 500 मोटारी हंगेरीला धाडल्या होत्या. मोटारींवरचं लायसन्सचं बंधन 1993 मध्ये उठलं आणि खरी वाढ त्यानंतरची.

आता मोटारींबद्दल. 2006 पासून चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या गाडीवर आपल्याकडे कर कमी आहे. साहजिकच कंपन्या त्या मापाच्या गाड्या काढतात. अमेरिकेत त्यांना कोण विचारतो? दक्षिण आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत, आखातात मात्र त्या चालतात. टाटांची इंडिका 2003 मध्ये ब्रिटनमध्ये तिथल्या रोव्हर कंपनीच्या नावाने विकायला गेली होती, पण 2005 मध्ये रोव्हरच बुडाली.

आणखी एक गोष्ट: आपल्याकडची गाडी समोर उभी असली तरी ओळखू येत नाही, कारण बोनेटवरचं चिन्ह बहुधा जपानी किंवा कोरियन असतं. गुरुग्रामला बनणारी सुझुकीची पाच दारांची जिम्नी जानेवारी 2025 मध्ये खुद्द जपानमध्ये जाहीर झाली, तर चार दिवसांत सुमारे 50,000 ऑर्डर आल्या आणि नोंदणी थांबवावी लागली. मोटारीच्या धंद्यातल्या आम्हा सगळ्यांना त्या दिवशी फार बरं वाटलं. युरोपातही आता गुजरातच्या हंसलपूरला बनलेली सुझुकीची ई-विटारा जाते आहे. तिकडे कुणी ओळखीचं असेल तर छोट्या गाडीच्या काचेखालचा चॅसिस नंबर वाचायला सांगा. पहिलं अक्षर एम आणि दुसरं ए ते ई यांपैकी असेल, तर ती गाडी भारतात बनलेली आहे.