सासूबाईंचा जुना तवा

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लग्नानंतरची पहिली दिवाळी, सासूबाईंनी कुडाळहून खोकं पाठवलं, आणि आत निघालं काय, तर वर्तमानपत्रात गुंडाळलेला जुना काळाकुट्ट तवा, पिशवीभर लाल पोहे आणि सात-आठ हिरवी कारिटं. "नव्या सुनेला कुणी वापरलेला तवा देतं का?" असं तू विचारलंयस. नवरा म्हणतो, आई तशीच आहे, सोडून दे. सोडून देऊ नकोस. पण घरात बसून एकटीनं अर्थही लावू नकोस.

आधी तव्याचं. तो बिडाचा आहे. त्याच्या मधोमध बोट फिरवून बघ, कडेला खरखर लागेल आणि मध्ये गुळगुळीत. तो गुळगुळीतपणा दुकानात मिळत नाही. नव्या बिडाच्या तव्यावर घावन चिकटतं, फाटतं, उलथन्यानं खरवडावं लागतं. वर्षानुवर्षं तेल पिऊन तो तयार होतो, मग ताकासारखं पातळ पीठ ओतलं की जाळी पडते आणि घावन आपसूक सुटून येतं. असा तयार तवा बाई सहजी दुसऱ्याला देत नाही. आता त्या स्वतः कशावर घावनं घालतात, हे मला तुझ्याकडून ऐकायचंय.

त्याला तारेची घासणी लावू नकोस. तापलेल्या तव्यावर गार पाणी ओतू नकोस, बीड तडकतं. पुसून तेलाचा हात फिरवून ठेव. घावन घालण्याआधी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर घासायचा.

कारिटं खायची नाहीत, कडू असतात. नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळ झाली की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, नरकासुर म्हणून. तिकडे त्या दिवसाला चावदिस म्हणतात. त्यानंतर पोह्यांचा फराळ, गोडे, तिखट, दह्यातले. म्हणजे त्या खोक्यात त्यांच्या घरची सगळी सकाळच होती, फक्त चिठ्ठी नव्हती.

माझं सांगते. माझ्या सासूबाई दर पाडव्याला मला स्टीलचा एक डबा द्यायच्या, त्यावर माझं नाव ठळक कोरून घेतलेलं. घरात बाकी कुणाच्या भांड्यावर नाव नव्हतं. मला वाटायचं, या मला वेगळी काढतायत, तुझं तुझ्यापाशी ठेव म्हणतायत. मी ते डबे माळ्यावर टाकले. 14 वर्षांनी एका दुपारी शेंगा सोलताना त्या सहज म्हणाल्या, "माझ्या लग्नातली भांडी नणंदेच्या लग्नात गेली. नाव नव्हतं ना कुणाचं." एवढंच बोलून पुन्हा शेंगा सोलायला लागल्या. त्या रात्री मी माळ्यावरून डबे उतरवले, घासले. पहिल्याच पाडव्याला "अहो आई, नाव का घातलं?" एवढं विचारलं असतं तर ती 14 वर्षं आम्हा दोघींना वेगळी गेली असती. याचं मला आजही वाईट वाटतं.

प्रत्येक भेटीमागे असं काही असतंच असं नाही. तुझ्या सासूबाईंनी साखरपुड्यात दिलेलं ते प्लास्टिकच्या फुलांचं तोरण त्यांना दुकानात आवडलं म्हणून घेतलं असेल. ते चार दिवस दाराला लाव आणि ठेवून दे.

तव्याबद्दल मात्र विचार, आणि नवऱ्यामार्फत नको. मुलगा आईचा निरोप निम्मा विसरतो आणि निम्मा आपल्या मनचा सांगतो. तू स्वतः फोन कर. "तवा का दिलात?" असं नको, "पीठ किती पातळ भिजवू?" असं विचार. पुढचं त्या आपणहून सांगतील. कुणाचा होता, कुठून आणला, हेही निघेल.

फोन दिवेलागणीनंतर कर, तेव्हा त्या जरा निवांत असतील. आणि पहिलं घावन फाटलं तर तेही त्यांना सांग.

तुझी,
ताई