खुराक, वजन आणि पाळी : खेळाडू मुलींच्या पालकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची असून ती आमच्या भागातील तालमीत कुस्तीचा सराव करते. जिल्हास्तरीय स्पर्धेसाठी तिने ३ किलो वजन कमी करून खालच्या वजनी गटात उतरावे, असे वस्तादांचे म्हणणे आहे. त्यासाठी तिने रात्रीचे जेवण बंद केले असून दुपारी ती एकच भाकरी खाते. गेले चार महिने तिला पाळी आलेली नाही. सासूबाई म्हणतात, कष्ट करणाऱ्या मुलींचे असे होतेच, उलट स्पर्धेच्या दिवशी अडचण नको. मी काय करावे?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : सासूबाईंचे निरीक्षण खरे आहे, त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. कष्ट करणाऱ्या मुलींची पाळी अनेकदा थांबते, पण ती कष्टांमुळे नव्हे, तर त्या कष्टांना पुरेल इतके अन्न पोटात न गेल्यामुळे. सरावात खर्च झालेली ऊर्जा वजा जाता जी ऊर्जा उरते, तिच्यावर वाढ, हाडे, रक्त, प्रतिकारशक्ती आणि पाळी या सर्वांचा भार असतो. ती अपुरी पडू लागली की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग तातडीची नसलेली कामे बंद करतो, आणि त्यांत पाळीचा क्रमांक बराच वर लागतो. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळाडूच्या शरीरातील ऊर्जेची सापेक्ष कमतरता) असे नाव दिले. ती मुलांमध्येही आढळते, फक्त मुलींमध्ये तिची सूचना पाळीच्या रूपाने लवकर मिळते.

पाळी थांबते तेव्हा शरीरातील इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी झालेले असते आणि त्याचा फटका हाडांना बसतो. मुलींच्या हाडांची आयुष्यभराची सुमारे ९० टक्के घनता १८ व्या वर्षापर्यंत तयार होते, त्यामुळे या वयात राहिलेली तूट पुढे पूर्णपणे भरून निघेल याची खात्री नसते. नडगीत किंवा पावलात एकाच जागी दुखणे, सरावाबरोबर ते वाढत जाणे, हे हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचे लक्षण असू शकते. तेव्हा असे दुखणे आहे का, हे तिला जरूर विचारावे.

पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत थोडी अनियमितता असतेच, परंतु सलग तीन महिने पाळी न येणे ही कोणत्याही वयात तपासणीची बाब आहे. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे. थायरॉइड, प्रोलॅक्टिन (पाळीवर परिणाम करणारे एक हार्मोन), पीसीओएस (बीजांडकोशांशी संबंधित हार्मोनचा विकार) यांबरोबर गर्भधारणेची चाचणीही त्या करतील. ती नेहमीच्या तपासणीचाच भाग असते, त्याचा वेगळा अर्थ लावू नये. हिमोग्लोबिनबरोबर फेरिटिनही (लोहाचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) पाहण्यास सांगावे, कारण हिमोग्लोबिन १२ च्या वर असूनही शरीरातील लोहाचा साठा आटलेला असू शकतो आणि मुलगी ‘लवकर दमते’ एवढेच घरच्यांना दिसते. पाळी आणण्यासाठी केवळ हार्मोनच्या गोळ्या देणे हा यावरचा इलाज नव्हे. गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण उपासमार तशीच राहते आणि हाडांचे नुकसानही थांबत नाही.

आता वजनाविषयी. वाढत्या वयात वजन वाढणे हाच नियम आहे, त्यामुळे १५ वर्षांच्या मुलीने स्पर्धेसाठी ३ किलो उतरवावेत, हे मला मान्य नाही. पाणी तोडून, घाम गाळून वजन उतरवण्याच्या नादात १९९७ साली अमेरिकेत तीन महाविद्यालयीन पैलवानांचा मृत्यू झाला आणि त्यानंतर तेथील नियम बदलावे लागले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये विनेश फोगाट यांना ५० किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी केवळ १०० ग्रॅम वजन जास्त भरल्यामुळे अपात्र ठरवण्यात आले, हे सर्वांना आठवत असेल. त्या तर जाणत्या वयाच्या, तज्ज्ञांचा ताफा सोबत असलेल्या खेळाडू होत्या. वस्तादांशी तुम्ही आणि मुलीच्या वडिलांनी मिळून बोलावे, डॉक्टरांचा कागद सोबत न्यावा आणि ‘तिला वरच्या गटात खेळवा’ असे स्पष्ट सांगावे. वरच्या गटात पहिल्या वर्षी पराभव पदरी येईलही, तो परवडतो.

कोल्हापुरात पैलवानाचा खुराक हा अभिमानाचा विषय आहे. समोर धार काढून ताजे दूध देणारे दुधाचे कट्टे, बदामाची थंडाई, तूप या सर्वांचे कौतुक आपण करतो, पण ते मुलग्याच्या बाबतीत. (दूध उकळूनच द्यावे, कट्ट्याची परंपरा कितीही जुनी असली तरी.) रविवारी मुलीच्या ताटात तांबडा-पांढरा रस्सा भरपूर येतो आणि मटणाचे तुकडे भावाच्या ताटात जातात, अशी घरे मला माहीत आहेत. तिच्यासाठी निराळे काही नको. सरावाआधी केळे किंवा गूळ-शेंगदाणे, सरावानंतर तासाभरात दूध किंवा अंडी, दोन्ही वेळा पोटभर भाकरी-भात, उसळ आणि वर लिंबू पिळून पालेभाजी एवढे नियमाने झाले तरी पुष्कळ आहे. जेवणासोबतचा चहा तेवढा बंद करावा, त्याने अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. पुरेसे खाणे सुरू झाल्यावरही पाळी परत येण्यास काही महिने लागू शकतात. तोपर्यंत सराव किती ठेवावा, हे डॉक्टरांनी ठरवावे.

प्रश्न : माझ्या १३ वर्षांच्या मुलीला फुटबॉल खेळायचा आहे. मुलींचे गुडघे नाजूक असतात, असे सांगून नातेवाईक विरोध करतात. यात तथ्य आहे का? — एक वडील, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : गुडघ्यातील एसीएल या अस्थिबंधाची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक आढळते, हे खरे आहे. उडी मारून उतरताना किंवा वेगात वळताना गुडघा आत झुकण्याची सवय हे त्याचे एक मोठे कारण, आणि ही सवय सरावाने मोडता येते. ‘फिफा ११ प्लस’ हा सुमारे २० मिनिटांचा वॉर्म-अप त्यासाठीच तयार केलेला असून त्यात धावणे, मांड्यांची ताकद, तोल आणि योग्य रीतीने उतरणे यांचा क्रम ठरलेला आहे. तो आठवड्यातून किमान दोनदा नियमाने केल्यास दुखापती लक्षणीय प्रमाणात कमी होतात. तेव्हा नातेवाइकांशी वाद घालण्याऐवजी प्रशिक्षक हा वॉर्म-अप घेतात का, एवढे मैदानावर जाऊन पाहावे. आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती हवी. खेळताना गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज येऊन काही तासांतच सूज आली, तर मालिश किंवा शेक न करता तिला लगेच अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे.