१५०० वॅटचा रॉड १८० व्होल्टला ५ अँपिअरच का घेतो? व्होल्टेज आणि करंटवरून रोध, शक्ती कशी काढायची?

तुम्ही लिहिलंय की पाणी तापवायच्या रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॅट असं छापलंय. गावी संध्याकाळी व्होल्टेज १८० वर येतं. १५०० ला १८० ने भागलं तर ८.३ अँपिअर यायला हवेत, पण टाँग टेस्टर (वायरभोवती जबडा अडकवून करंट मोजायचं मीटर) ५.१ च दाखवतो.

टेस्टर बरोबर आहे. तुमचा भागाकारही बरोबर आहे. चूक एवढीच की १५०० वॅट हा आकडा तुम्ही कायमचा धरलात. कितीही व्होल्ट मिळाले तरी रॉड १५०० वॅटच घेईल, असा त्या छापील आकड्याचा अर्थ नाही. २३० व्होल्ट मिळाले तरच १५०० वॅट, एवढंच तो सांगतो. मी आयटीआयमध्ये वायरमनच्या मुलांना शिकवतो आणि दरवर्षी निम्मा वर्ग इथेच अडतो. सूत्रं सगळ्यांना पाठ असतात. सूत्रातली कोणती राशी बदलत नाही, हे मात्र कोणी आधी विचारत नाही.

रॉडमध्ये बदलत नाही तो रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा. आतली तार नायक्रोम या मिश्रधातूची असते आणि तापल्यावर तिचा रोध जेमतेम काही टक्के वाढतो, म्हणून तो स्थिर धरून चालतं. आता छापील आकड्यांवरून सुरुवात करू. १५०० भागिले २३० म्हणजे ६.५२ अँपिअर. रोध म्हणजे व्होल्ट भागिले अँपिअर, म्हणून २३० भागिले ६.५२, साधारण ३५.३ ओहम. हे ३५.३ हातात आले की १८० व्होल्टला करंट १८० भागिले ३५.३, म्हणजे ५.१ अँपिअर. तुमच्या टेस्टरने हेच दाखवलं. आणि शक्ती म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर: १८० गुणिले ५.१, म्हणजे ९१८ वॅट.

व्होल्टेज २२ टक्क्यांनी उतरलं, पण शक्ती ३९ टक्क्यांनी. व्होल्टेज कमी झालं की करंटही त्याच प्रमाणात कमी होतो, आणि शक्ती हा त्या दोघांचा गुणाकार, म्हणून फटका दुहेरी बसतो. १५ लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला सुमारे १५.७ लाख ज्यूल लागतात. १५०० वॅटला त्याला साडेसतरा मिनिटं, ९१८ वॅटला साडेअठ्ठावीस. कमी व्होल्टेजला वीजबिल वाचतं असं पुष्कळांना वाटतं, पण बादलीमागे ०.४४ युनिट दोन्ही वेळी लागतं. उलट जास्त वेळ लागल्याने बादलीतून बाहेर जाणारी उष्णता वाढते, म्हणजे थोडं जास्तच.

तुमचा १५०० भागिले १८० हा हिशोब कुठे लागू पडतो, तेही सांगतो. लॅपटॉपचा चार्जर, एलईडी टीव्ही यांच्या आतलं सर्किट शक्ती जवळपास कायम ठेवतं. तिथे व्होल्टेज उतरलं की करंट खरोखर वाढतो. विहिरीवरच्या मोटरचंही साधारण तसंच. पाणी तेवढंच उपसायचं असतं, म्हणून व्होल्टेज उतरलं की मोटर जास्त अँपिअर ओढते. वाइंडिंगमधली, म्हणजे मोटरच्या आतल्या तारेच्या वेढ्यांमधली, उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. करंट २० टक्के वाढला तर उष्णता ४४ टक्के! उन्हाळ्यात कमी व्होल्टेजला मोटरी जळतात त्या यामुळे. शेतकऱ्याचं रिवाइंडिंगचं बिल करंटच्या या वर्गात दडलेलं असतं, म्हणून मी हे गणित वर्गात दोनदा करून घेतो. मोटरची शक्ती काढताना मात्र नुसता व्होल्ट-अँपिअरचा गुणाकार पुरत नाही, त्याला पॉवर फॅक्टरनेही (त्या गुणाकारातला किती भाग खरी शक्ती आहे ते सांगणारा आकडा) गुणावं लागतं. २३० व्होल्ट, ६ अँपिअर आणि पॉवर फॅक्टर ०.८ असेल तर ११०४ वॅट.

जुना १०० वॅटचा तारेचा बल्ब आणखी वेगळा. गणिताने त्याचा रोध ५२९ ओहम येतो, आणि थंड बल्ब मल्टीमीटरला लावला तर ३५-४० ओहमच. मीटर बिघडलेला नसतो. टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापते आणि तापता तापता तिचा रोध बारा-पंधरा पट होतो. बटण दाबल्याच्या क्षणी रोध एवढा कमी असल्याने करंटचा मोठा झटका बसतो. बहुतेक बल्ब लावतानाच उडायचे, ते म्हणूनच.

मोजमापाबद्दल दोन गोष्टी. टाँग टेस्टरच्या जबड्यात एकच वायर घ्या. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम घेतल्या तर शून्य दिसेल. व्होल्टेज मोजायचं ते रॉड चालू असताना, त्याच बोर्डावर, कारण लोड आल्यावर ते आणखी उतरतं.

रोध थेट मोजायचा असेल तर आधी प्लग काढून रॉड थंड होऊ द्या. प्लगच्या दोन बारीक पिनांमध्ये ३५ ओहमच्या जवळपास यायला हवेत. मग मीटरचं एक टोक बारीक पिनेला आणि दुसरं रॉडच्या धातूच्या नळीला लावा. तिथे मीटरवर रोधाचा कुठलाच आकडा, शून्यसुद्धा, यायला नको; सर्किट उघडं, म्हणजे तुटलेलं दिसलं पाहिजे. काही ओहम किंवा किलोओहम दिसले, तर आतलं इन्सुलेशन गेलंय. तो रॉड पुन्हा पाण्यात घालू नका.