शिरूरजवळच्या आमच्या शेतात नांगरताना पांढरट, काचेसारखं दगडी पातं सापडलं. हे अश्मयुगातलं हत्यार असेल का?

हत्यार असेल, पण अश्मयुगातलंच असेल असं नाही. तुम्ही शिरूरच्या बाजूचे म्हणताय. तिथेच घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं होतं. तिथले त्या काळचे शेतकरी तांबं वापरत, पण ते महाग. म्हणून रोजची कापाकापी कॅल्सेडनी या गारगोटीसारख्या दगडाच्या पात्यांवर चाले. ही वस्ती तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची.

आधी ते पातं आहे का हे बघा. नांगराच्या फाळानेही दगडाचे टवके उडतात. खऱ्या पात्याच्या दोन्ही कडा जवळजवळ समांतर असतात आणि पाठीवर एक-दोन सरळ कणे, म्हणजे उंच रेघा असतात. पोटाच्या, म्हणजे सपाट बाजूला, घाव बसला त्या टोकाशी, छोटा फुगवटा हाताला लागतो. कण्यांचं कारण असं: कारागीर आधी गाभ्याच्या (ज्यातून पाती काढायची त्या दगडाच्या) एका कडेवर आलटूनपालटून दोन्हीकडून छिलके काढून नागमोडी कणा तयार करी. पहिलं पातं त्या कण्याच्या रेषेत सुटे. त्याच्या जागी दोन सरळ कडा उरत, आणि पुढची पाती त्यांच्या आधाराने एकामागून एक निघत. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत ओळीने बसवत. एक तुटलं की तेवढंच बदलायचं.

मी हे घरामागे करून पाहिलंय. पातं एकही निघालं नाही, अंगठा मात्र कापला. जोरापेक्षा कोन महत्त्वाचा: कडेचा कोन काटकोनापेक्षा कमी हवा, नाहीतर दगड नुसता चुरतो.

फार जुनी हत्यारं वेगळीच दिसतात. प्रवरेकाठी नेवाशाजवळ चिरकीला हातकुऱ्हाडी आणि फरश्या (रुंद धारेची दगडी हत्यारं, इंग्रजीत क्लीव्हर) सापडल्या, त्या तळहाताएवढ्या किंवा मोठ्या. हातकुऱ्हाड दोन्ही बाजूंनी छिलके काढून नाशपतीसारखी निमुळती करतात. फरशीची रुंद धार मात्र मुद्दाम घडवत नाहीत. मोठ्या छिलक्याची मूळची तीक्ष्ण कडच तशी ठेवतात. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमची अशी हत्यारं सुमारे 15 लाख वर्षांपूर्वीची आहेत. ही हत्यारं आणि इनामगावची पाती यांच्या मधल्या काळात छिलक्यांवर केलेल्या तासण्या (खरवडायची हत्यारं) येतात. नवाश्मयुगात, म्हणजे अश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यात, कुऱ्हाडी घासून गुळगुळीत करू लागले.

पातं पाण्याखाली खसखसून धुऊ नका. शेजारी नाणं ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो काढा, शेताची जागा लिहून ठेवा आणि डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात दाखवा. आसपास खापरं पडली असतील तर त्यांचेही फोटो घ्या. काळ ठरवायला पात्यापेक्षा खापरच जास्त उपयोगी पडतं.