धर्म आणि समाज या विषयावर पीएच.डी. करतो आहे. परिषदांमधल्या तरुण संशोधकांच्या प्रवास-पुरस्कारांना अर्ज करावा का?

करा अर्ज. एवढंच हवं असेल तर इथेच थांबा. मला लिहायला बसवलं ते तुमच्या प्रश्नातल्या शेवटच्या ओळीने: ‘आमचे एक सर म्हणतात, हे पुरस्कार गुणवत्तेवर नसतात, गरीब देशांच्या कोट्यातून वाटतात.’ तुमचे सर धुळ्याचे. त्यांचे जुळे भाऊ शोभतील असे एक सर जळगाव जिल्ह्यातल्या आमच्या स्टाफरूममध्ये होते, आणि त्यांना द्यायचं उत्तर माझ्याकडे बरीच वर्षं पडून आहे.

त्या सरांच्या केबिनची भिंत ‘बेस्ट पेपर अवॉर्ड’च्या प्रमाणपत्रांनी भरलेली होती. यातली बहुतेक कशी मिळतात ते तुम्हालाही माहीत आहे. २०१० साली यूजीसीने प्राध्यापकांचं काम मोजणारे एपीआयचे गुण आणले, २०१६ च्या नियमांनी पीएच.डी.साठी दोन परिषदांत पेपर वाचणं सक्तीचं केलं, आणि तालुक्या-तालुक्याला एकदिवसीय आंतरराष्ट्रीय परिषदा उगवल्या. नेपाळचा एक पाहुणा ऑनलाइन दिसला की झाली आंतरराष्ट्रीय. फी भरा, जेवणानंतरच्या सत्रात घाईघाईने वाचा, आयएसएसएन नंबरच्या (म्हणजे नियतकालिक म्हणून नोंदलेल्या) अंकात छापून घ्या, निघताना फाइल आणि ट्रॉफी. २०२२ च्या नियमांत सक्ती गेली, भिंती मात्र अजून भरतायत. त्या पुरस्कारात पैसे तुम्ही देता, प्रवास-पुरस्कारात समोरचा देतो. सरांना एवढं जरी कळलं असतं तरी माझं हे उत्तर निम्मं झालं असतं.

माझा विषय कानबाई, आमच्या खान्देशातली देवी. खान्देशी माणसाला सांगायला नको, पण इथे कोकण-विदर्भातलेही वाचतात म्हणून: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई बसते, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. रोटांचे, म्हणजे प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू घरातल्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ मोजून घ्यायचे आणि रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला तुकडा नाही. आता आपली किती माणसं सुरतेला उधना-लिंबायतच्या खोल्यांत जाऊन राहिलीत बघा. एका गल्लीत नंदुरबारचे, शेजारी अमळनेरचे, समोर पारोळ्याचे. तिथे भाऊबंद कोणाला म्हणायचं? रोट कोणाच्या घरी होतात, ताटावर कोण बसतं, एवढंच मी बघत होते. भुसावळहून सुरतेची गाडी धरायची आणि ओळखीच्यांकडे उतरायचं. सरांचं यावर मत होतं, ‘रोटांवर कसली पीएच.डी.? वेबर वाचा.’ धर्माच्या समाजशास्त्रातला तो जर्मन मातब्बर मी वाचलेलाच होता. त्यांनी वाचला होता की नाही, यावर आमच्या विभागात दोन मतं होती.

तर युरोपातल्या एका परिषदेचा तरुण संशोधकांसाठी प्रवास-पुरस्कार निघाला. गोषवारा, गरज सांगणारं एक पान, गाइडचं पत्र. गोषवारा नाव झाकून तपासतात, तो पास झाला तरच मदतीचा अर्ज उघडतात. ही पद्धत त्या परिषदेच्या नियमांतच छापलेली होती. तुमच्या सरांना दाखवायला असलं पान जवळ ठेवा.

निवड झाल्याची मेल आली. खाली बारीक अक्षरांत: रक्कम परिषद संपल्यावर, बोर्डिंग पास आणि पावत्या पाठवल्यानंतर. म्हणजे तिकीट, व्हिसाची फी, विमा (शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचा लागतोच) आधी सगळं पदरचं. मी तेव्हा तासिका तत्त्वावर (सीएचबी), म्हणजे घेतलेल्या तासांचं मानधन. सीएचबीवाल्याचं मानधन कधी जमा होतं हे ज्याला माहीत नाही त्याने स्वतःला भाग्यवान समजावं. पगाराची स्लिप नाही, म्हणून बँक दारात उभी करेना. कॉलेजकडे ना-हरकत पत्र मागितलं तर ऑफिसातून उत्तर आलं, ‘मॅडम, तुम्ही कायम नाहीत, तुमच्या जाण्याला आमची हरकत असायचं कारणच नाही.’ बोलणं बरोबर, पण कागद द्यायला तयार नाहीत. शेवटी गाइड मॅडमनी संशोधक विद्यार्थिनी म्हणून विद्यापीठातून पत्र काढून दिलं आणि मुंबईला व्हिसासाठी तेच चाललं.

पैसे आले सासूबाईंच्या भिशीतून. गल्लीतल्या बायकांची भिशी, त्याच बायका श्रावणात कानबाईची गाणी म्हणणाऱ्या, माझ्या प्रबंधातल्या कितीतरी मुलाखती त्यांच्याच. नंबर सासूबाईंचा लागला होता आणि त्यातून स्वयंपाकघराचा ओटा करायचा घाट होता. त्या अहिराणीत म्हणाल्या, ‘ओटा कथा पळी जास? तू ली जाय पैसा.’ (ओटा कुठे पळून जातो? तू पैसे घेऊन जा.) उरलेले यांनी पतपेढीतून उचलले.

परिषदेत पेपर वाचला. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून जरा थांबते. इकडे मी हाच पेपर आधी वाचला होता, तेव्हा प्रश्न आले ते असे: कानबाई म्हणजे पार्वतीच ना? याला वैज्ञानिक आधार काय? संदर्भसूचीत शासकीय गॅझेटियर का नाही? तिकडे मागच्या रांगेतल्या एक बाई उठल्या. त्यांचं काम स्थलांतरित मजुरांच्या चर्चवर. त्यांनी विचारलं, ‘ज्या घरात हे रोट होतात, त्याच घरात राहून ज्याला ते खाता येत नाहीत असं कोण आहे?’

सासरी गेलेली लेक. आमच्याकडे लेक लग्नानंतर माहेरचे रोट खात नाही. गावात त्याचं काही वाटत नाही, कारण ती त्या दिवशी सासरी असते, तिथले रोट खाते. पण सुरतेत लेक-जावई कामाच्या सोयीने तिच्या आईबापाच्याच खोलीत राहतात, गॅस एक, पातेली तीच. रविवारी रात्री त्या लेकीने काय जेवायचं? कोणी वेगळी चूल मांडतं, कोणी जावयाला सरळ भाऊबंदांत धरून टाकतं, कोणी तिला दोन दिवस नणंदेकडे धाडतं. परत आल्यावर मी यावर अख्खं प्रकरण लिहिलं आणि तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी अर्धा वेळ त्याच्यावरच घेतला. पुरस्काराचं पत्र मी कुठल्या फायलीत ठेवलंय ते आता शोधावं लागेल.

पैशांचं म्हणाल तर माझं खातं सहकारी बँकेत, तिला परदेशातून पैसे घ्यायची सोयच नव्हती. राष्ट्रीयीकृत बँकेत नवं खातं काढलं, तर तिथे साहेब विचारतात, ‘हे पैसे कशाबद्दल?’ रोटांबद्दल, असं सांगायची फार इच्छा झाली. दिवाळी उलटल्यावर रक्कम आली, तीही मधल्या बँकांनी कापून. ओटा पुढच्या वर्षी झाला.

आणि स्टाफरूममध्ये सर म्हणाले, ‘सी गटातून ना? म्हणजे ग्रेसचे मार्क.’

गटांचं असं आहे. आंतरराष्ट्रीय समाजशास्त्र संघटना, आयएसए, देशांच्या उत्पन्नानुसार ए, बी, सी असे गट करते आणि त्यावर फी ठरवते. आपण सी मध्ये. बऱ्याच संघटना मदत देतानाही असंच काहीतरी बघतात. यात गुणवत्तेचा संबंध कुठे आला? श्रीमंत विद्यापीठातल्या पोराला त्याचा विभागच तिकीट काढून देतो, त्याला कोणी ग्रेस म्हणत नाही, कारण ते पैसे गुपचूप मिळतात. आपले यादीत नाव छापून मिळतात, एवढंच.

शिवाय हे बोलणारा माणूस खान्देशातला असावा याचंच मला नवल वाटतं. अमळनेरात १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ या गिरणी मालकाने तत्त्वज्ञान मंदिर काढलं. तरुण अभ्यासकांनी यावं, राहावं, पोटाची चिंता न करता वाचावं, म्हणून. बौद्ध तत्त्वज्ञानाचे पुढे नावाजलेले अभ्यासक टी. आर. व्ही. मूर्ती तरुणपणी तिथे फेलो होते. तत्त्वज्ञ कृष्णचंद्र भट्टाचार्य संचालक म्हणून येऊन राहिले. साने गुरुजी अमळनेरला आले तेही आधी तत्त्वज्ञान मंदिरात, प्रताप हायस्कुलातली मास्तरकी नंतरची. हे सगळं कापडाच्या पैशावर चाललं. मूर्तींना कोणी ग्रेसचे मार्क दिले होते का? मी हे सरांना तोंडावर विचारलं. ते म्हणाले, ‘तो काळ वेगळा होता.’ मग चहा आला.

आता तुमचं. कुठे बघायचं: आयएसएची धर्माच्या समाजशास्त्राची समिती आहे, आरसी २२. धर्मांच्या इतिहासाची संघटना आयएएचआर पाच वर्षांनी महापरिषद भरवते. २०२० ची डुनेडिनची कोविडमुळे रद्द झाली, २०२५ ची क्राकोवला झाली. म्हणजे तिची वाट बघत प्रबंध लांबवू नका. भारतात आयसीएसएसआरकडे (सामाजिक शास्त्रांतल्या संशोधनाला मदत करणारी सरकारी संस्था) परदेशी परिषदांसाठी मदतीची योजना आहे. परिषदेकडे आणि आयसीएसएसआरकडे एकदम अर्ज करायला हरकत नाही, पण एकच तिकीट दोघांना दाखवू नका.

निवड झाली की त्याच दिवशी सचिवांना मेल टाका: तिकीट तुम्हीच काढून द्याल का, किंवा अर्धी रक्कम आधी मिळेल का? लाजू नका. मला विचारायचं सुचवायला कोणी नव्हतं, तुम्हाला मी आहे.

तरुण संशोधक, अर्जातल्या भाषेत ‘अर्ली करिअर’, म्हणजे कोण हे प्रत्येक ठिकाणी वेगळं. बाहेर बहुधा पीएच.डी. मिळाल्यापासूनची वर्षं मोजतात, आपल्याकडे पुष्कळदा वय मोजतात. दुसरी पद्धत बायकांवर आणि नोकरी करत शिकणाऱ्यांवर सरळसरळ अन्याय आहे, हे माझं मत कोणाला पटो न पटो.

हे सगळं माझ्या वेळचं. व्हिसाच्या फीपासून अर्जाच्या अटींपर्यंत दरवर्षी बदल होतात, तेव्हा चालू वर्षाचं पत्रक वाचल्याशिवाय माझ्या भरवशावर काही करू नका. तुमचा विषय ग्रंथांवरचा असेल तर माझा अनुभव तुम्हाला कितपत लागू पडेल, तेही तुम्हीच ठरवा. आणि पुरस्कारात नुसती नोंदणीची फी माफ होत असेल, तिकीट नसेल, तर कर्ज काढून जाऊ नका. ऑनलाइन वाचा आणि वाचलेले पैसे फिल्डवर्कला लावा.