गायरानासाठी निधी मागताय? झाडांच्या आधी राखणदाराचा पगार लिहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावचं चाळीसेक हेक्टर गायरान उघडं पडलंय, तरुण मंडळाला तिथे काम करायचंय, एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांनी कायद्याने समाजकामावर करायचा खर्च) पैसे द्यायला तयार आहे, तर प्रस्तावात किती झाडं दाखवावीत?

झाडांचा आकडा सध्या बाजूला ठेवा. आधी सातबारा काढा. आपण ज्याला पिढ्यान्‌पिढ्या गायरान म्हणतो, ते कधी कधी कागदावर वनखात्याचं निघतं, मग सगळी वाटच बदलते. ग्रामपंचायतीकडे असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या. त्या सभेला गुरं-शेळ्या चारणारी घरं हजर हवीत. ती नसतील तर तो ठराव फक्त फाईलला लावायला.

कारण काम बिघडतं ते चराईवर. नव्वदच्या दशकात नाबार्ड (शेती-ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक) आणि जर्मन मदतीतून आपल्याकडे पाणलोटाची कामं झाली. तिथे मोठा निधी मिळण्याआधी गावाला श्रमदान करून दाखवावं लागे, चराईबंदी-कुऱ्हाडबंदी मान्य करावी लागे. तेव्हा मला हा जाच वाटायचा. आता वाटतं, त्यातली खरी अक्कल तीच होती. फक्त सरसकट बंदी घालू नका. गायरानाच्या डोंगराचे तीन तुकडे करा, एक बंद ठेवा, दोन चराईला मोकळे ठेवा, आणि बंद तुकड्यातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क शेळीवाल्यांना द्या. पवन्या, मारवेल असं गवत पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात उभं राहिलं की लोकांचा विश्वास बसतो. झाडाची सावली दिसायला दहा वर्षं लागतात, तोवर कोण थांबणार?

आता पैसे. सीएसआरचा निधी बिगरनोंदणीच्या मंडळाला थेट मिळत नाही. नोंदणीकृत न्यास, सोसायटी किंवा कंपनी कायद्याच्या कलम 8 ची ना-नफा कंपनी लागते, आयकर खात्याची 12ए आणि 80जी नोंदणी लागते, तीन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि 2021 पासून कंपनी मंत्रालयाकडची सीएसआर-1 नोंदणीही. म्हणून जवळची जुनी संस्था सोबत घ्या, पण मजुरीचं हजेरीपत्रक गावच्या समितीकडेच ठेवा आणि दर महिन्याला चावडीवर वाचा.

मी एकदा पस्तावलोय. एका कंपनीचे पैसे फेब्रुवारीत आले आणि 31 मार्चच्या आत खर्च दाखवा म्हणाले. आम्ही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर रोपं लावली, टँकर लावले. मृगापर्यंत काड्या उरल्या. फलक मात्र अजून दिमाखात उभा आहे. नंतर कळलं की कायद्यात याला वाट आहे. कंपनीच्या संचालक मंडळाने काम ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजूर केलं, तर उरलेली रक्कम वर्षअखेरीनंतर 30 दिवसांत वेगळ्या खात्यात जाते आणि पुढच्या तीन आर्थिक वर्षांत खर्चता येते. हे पहिल्याच बैठकीत मागा, करार झाल्यावर कोणी ऐकत नाही.

दुसरी हमखास अडचण: ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांवर देता येत नाही’ असं सांगून राखणदाराचा आणि गावात फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार कापतात. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावर आहे. प्रकल्प राबवण्याचा आणि त्यावर देखरेख ठेवण्याचा थेट खर्च त्यात मोडत नाही. म्हणून अंदाजपत्रकात ‘प्रशासन’ हा शब्दच नको. ‘राखण, दोन माणसं, 36 महिने’ असं सरळ लिहा.

चर, दगडी बांध, रोपं यांना पैसे सहज मिळतात, फोटो निघतो ना! माथ्यापासून पायथ्याकडे काम करा, एवढंच सांगतो, बाकी तांत्रिक माणूस आखून देईल. पण एकूण रक्कम कापली गेली तर चर कमी करा, राखण कापू नका.

सातबारा कुणाच्या नावावर निघतो ते कळवा. वनखात्याची जमीन असेल तर 2006 च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा बसतो का, ते आधी बघावं लागेल. गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये असाच हक्क मिळाला. पण त्यामागे ग्रामसभेची कित्येक वर्षांची तयारी होती, तेव्हा कंपनीला लगेच तारीख देऊ नका.