कॅमेरा हलतो, पण कान पक्का आहे

तुमचं पत्र वाचलं, सोबत पाठवलेला चित्रपट दोनदा पाहिला, दुसऱ्यांदा हेडफोन लावून. मुलगी भौतिकशास्त्राच्या पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. चार मित्रांना घेऊन तिने फोनवर सव्वा तासाचा व्हॅम्पायरपट केला आणि आता पदवी सोडून तिला दिग्दर्शक व्हायचंय. तुम्ही विचारता, "कॅमेरा सारखा हलतो, चेहरे अंधारात, ते पिशाच्च तर शेवटपर्यंत धड दिसतच नाही. याला चित्रपट म्हणायचं का? आणि यात करिअर असतं का?"

चित्रपट म्हणायचं, हो. या प्रकाराला फाउंड फुटेज म्हणतात. पात्रांनी स्वतःच केलेलं चित्रीकरण नंतर कुणाच्या तरी हाती लागलं, अशी बतावणी. कॅमेरा हलणं त्या बतावणीचाच भाग. ही युक्ती काही फोनबरोबर जन्मली नाही. १८९७ ची 'ड्रॅक्युला' कादंबरी रोजनिशा, पत्रं, तारा आणि वर्तमानपत्रांची कात्रणं जुळवून रचलेली आहे. त्यातला एक डॉक्टर तर आपली रोजनिशी फोनोग्राफवर बोलून ठेवतो.

मुलीने तुम्हाला 'पॅरानॉर्मल अॅक्टिव्हिटी' या अशाच फाउंड फुटेज भयपटाचे आकडे ऐकवले असतीलच. ते खोटे नाहीत. दिग्दर्शक ओरेन पेली यांनी तो स्वतःच्या घरात सुमारे १५ हजार डॉलरमध्ये चित्रित केला आणि त्याने जगभरात १९ कोटी डॉलरहून जास्त कमावले. पण २००७ मध्ये महोत्सवात दाखवलेला हा चित्रपट चित्रपटगृहांत पोचायला २००९ उजाडलं. मधल्या काळात एका मोठ्या स्टुडिओने तो घेतला, शेवट बदलला आणि मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसा प्रसिद्धीवर ओतला. या गणितावर पदवी सोडणं म्हणजे लॉटरी लागलेल्याला विचारून तिकीट काढणं.

आता तिच्या चित्रपटाविषयी, हातचं न राखता. मधली वीस मिनिटं नुसती पळापळ आहे. मित्र अभिनयात कच्चे आहेत. जिवावर बेतलेलं असताना हा माणूस फोन फेकून का देत नाही, हा या प्रकारात सगळ्यांनाच छळणारा प्रश्न. तिने तो सरळ टाळलाय. दिग्दर्शक म्हणून ती मला आज साधारण वाटली. एकोणीस-वीस वर्षांच्या वयात बहुतेक जण तसेच असतात, तेव्हा त्याचं दुःख नको.

पण ४१व्या मिनिटाला मी खुर्चीत सरळ झालो. नायक आरशासमोर उभा राहून स्वतःला टिपतोय. व्हॅम्पायरचं प्रतिबिंब पडत नाही. 'ड्रॅक्युला'तही दाढी करतानाचा तसा प्रसंग आहे. इथे आरशात नायकाच्या मागे कुणी नाही, फोनच्या चित्रातही कुणी नाही. तरी मागून ओली पावलं येतात. थांबतात. आणि मग खोलीतली ती बारीक घरघर, जी इतका वेळ आपल्या लक्षातही आली नव्हती, एकदम बंद पडते. भिंगाला जे दिसत नाही ते माइकला ऐकू येतंय. चित्रात काहीही घडत नाही आणि अंगावर काटा येतो.

श्रेयनामावलीत ध्वनीपुढे तिचंच नाव आहे. आणि तुमच्या पत्राच्या शेवटी तक्रार आहे : "दोन महिने रात्री-बेरात्री ओलं फडकं फरशीवर आपटत बसायची, अभ्यासाचा पत्ता नाही." ताई, मला तरी तुमच्या पत्रातली हीच ओळ सगळ्यांत मोलाची वाटली. तिच्या या उद्योगाला फोली म्हणतात, हॉलिवूडमधल्या जॅक फोली यांच्या नावावरून. पडद्यावरची पावलं, कपड्यांची सळसळ, दाराची कडी हे सगळं नंतर स्टुडिओत चित्र बघत बघत वाजवतात. हा पूर्ण वेळचा पेशा आहे. त्याच्या शेजारी चित्रीकरणस्थळी आवाज टिपणारे, संवाद साफ करणारे, ध्वनिरचना आणि शेवटचं मिक्सिंग करणारे असतात. ही माणसं चित्रपटांखेरीज व्हिडिओ गेम, अॅनिमेशन, पॉडकास्ट, डबिंग यांनाही लागतात. सुरुवातीची काही वर्षं काम तुटक मिळतं, पैसे उशिरा येतात, झोपेचे हाल होतात. हे तिला आत्ताच सांगा.

पदवी सोडू देऊ नका. अनुनाद, तरंग, वारंवारता हा तिचा अभ्यासक्रमच आहे. ध्वनीच्या शिक्षणात तो कामी येईल. पदवीनंतर ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा अभ्यासक्रम करावा. तोवर इतरांच्या लघुपटांचा आवाज करून द्यावा. एकच दोन मिनिटांचा प्रसंग, एकदा मूळ आवाजासह आणि एकदा तिने घडवलेल्या आवाजासह, हा नमुना दहा प्रमाणपत्रांपेक्षा लवकर काम मिळवून देईल.

या चित्रपटाचं काय करायचं? पळापळ तर काढायचीच, बाकीचंही कापून तो पंधरा मिनिटांचा करायचा आणि निवडक लघुपट महोत्सवांना पाठवायचा. प्रवेशशुल्क भरत सुटायचं नाही. कलाकारांची आणि घरमालकाची लेखी संमती आधी घ्यायची. त्यात रेडिओवर वाजणारं ते प्रसिद्ध गाणं मात्र परवानगीशिवाय वापरता येत नाही, ते काढावंच लागेल. १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाने 'ड्रॅक्युला'ची कथा परवानगीशिवाय वापरली, लेखकाच्या पत्नीने दावा लावला आणि न्यायालयाने प्रती नष्ट करायला सांगितल्या. काही वाचल्या म्हणून तो आज बघता येतो. (उन्हाने व्हॅम्पायर मरतो ही कल्पनाही त्याच चित्रपटातली, कादंबरीतला ड्रॅक्युला दिवसा फिरतो.)

एक काम तुमच्यासाठी. तिच्या शेजारी बसून, तिचेच हेडफोन लावून तो ४१व्या मिनिटाचा प्रसंग पुन्हा ऐका. पावलं त्या फडक्याचीच, हे आता तुम्हालाही ओळखू येईल. ती बंद पडणारी घरघर कशाची होती, ते मात्र तिला विचारा. दोनदा ऐकूनही मला ओळखता आलं नाही. कळवाल का?